लढाई संपल्यावरची गोष्ट



शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथातील अबशालोमाची कथा आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ठाऊक आहे. मुलगा बापावर उठतो, एफ्राईमच्या रानात लढाई होते, पळताना अबशालोमाचे डोके झाडाच्या फांद्यांत अडकते आणि सेनापती यवाब राजाची आज्ञा मोडून त्याला ठार मारतो. मुलांना सांगताना आपण येथेच थांबतो. फार झाले तर दावीद वेशीवरच्या खोलीत जाऊन मुलासाठी रडला, एवढे सांगतो.

पवित्र लेखक मात्र थांबत नाही. तो आणखी दोन अध्याय लिहितो, एकोणिसावा आणि विसावा. त्यांत मोठी लढाई नाही, चमत्कार नाही. लढाई संपली आहे आणि एकाच देशातील दोन बाजूंना आता पुन्हा एकत्र राहायचे आहे, एवढाच विषय. जिंकलेले सैनिक हरल्यासारखे मान खाली घालून गावात शिरतात, कारण राजा रडतो आहे. दावीद पळून जात असताना ज्याने त्याला दगड मारले, शिव्याशाप दिले तो शिमी आता सर्वांच्या आधी यार्देन नदीवर हजर होतो आणि पाया पडतो. योनाथानाचा लंगडा मुलगा मफीबोशेथ येतो. त्याने इतके दिवस पाय धुतलेले नाहीत, दाढी केलेली नाही. त्याचा नोकर सीबा याने मध्यंतरी राजाकडे त्याची चहाडी करून सगळी जमीन आपल्या नावावर करून घेतली आहे. खरे कोण, खोटे कोण? दावीद चौकशी करीत नाही. थकलेल्या माणसाप्रमाणे तो म्हणतो की दोघे जमीन वाटून घ्या. आणि याच अध्यायांत यवाब आपल्या नात्यातल्या अमासाला मुका घेण्याच्या मिषाने दाढीला धरतो आणि त्याच्या पोटात तलवार खुपसतो.

यादवी युद्धानंतर समाजात काय काय होते याचे इतके खरे वर्णन मी अन्यत्र फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. जमिनीचे तंटे, संधिसाधूंची गर्दी, घाईघाईने दिलेली क्षमा आणि मनात जपून ठेवलेला सूड, सर्व काही येथे आहे.

आज हा विषय घेण्याचे कारण सांगतो. आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींनी १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, यासाठी एक नाटुकले लिहिले आहे आणि ते मला वाचायला दिले. काळ १९४८ चा, स्थळ आपल्याच जिल्ह्यातील एक खेडे. पहिल्या प्रवेशात रझाकार गाव लुटतात. दुसऱ्यात हिंदी फौज येते आणि रझाकार पळतात. तिसऱ्यात गावातले लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन एका गरीब मुसलमान कुटुंबाच्या दारात जमतात. तेवढ्यात गावचा ख्रिस्ती मास्तर हातात क्रूस घेऊन पुढे येतो, प्रभूच्या क्षमेविषयी चार वाक्ये बोलतो, सर्वांच्या हातून शस्त्रे गळून पडतात आणि सगळे मिळून गीत गातात. पडदा.

लिहिणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. सिनेमातली गाणी बसवण्याऐवजी त्यांनी आजोबा-आजीच्या काळाकडे पाहिले. शिवाय सोपे होते ते त्यांनी केले नाही. १७ सप्टेंबरच्या झेंड्यापाशी नाटक संपवता आले असते. त्यांनी झेंड्यानंतरचा प्रवेश लिहिला, आणि तिथेच खरी गोष्ट सुरू होते. म्हणूनच त्या तिसऱ्या प्रवेशाबद्दल मला विस्ताराने बोलायचे आहे, आणि ते फक्त त्या दहा-बारा जणांशी न बोलता सर्वांशी बोलावे असे वाटले.

प्रथम इतिहास. शाळेच्या पुस्तकात तो एका पानात संपतो. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला बीड जिल्हा स्वतंत्र झाला नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि बीड हे मराठी भाषकांचे पाच जिल्हे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हैदराबाद संस्थानात होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. संस्थान स्वतंत्र राहावे यासाठी कासीम रझवी या लातूरच्या वकिलाच्या नेतृत्वाखाली रझाकारांची सशस्त्र संघटना वाढली. तिने केलेली लूट, जाळपोळ आणि खून यांमुळे अनेक कुटुंबांनी सरहद्द ओलांडून सोलापूर आणि नगरकडे आसरा घेतला. दुसरीकडे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. ज्यांचे नाव अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आहे तेच हे स्वामीजी, आणि त्याच गावच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी शिकवले होते. हेही विसरू नये की रझाकारांच्या हातून मुसलमानही मेले. हैदराबादचे तरुण पत्रकार शोएबुल्ला खान यांनी संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून करण्यात आला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेत या पाच दिवसांच्या मधोमध दोन सण येतात. १४ सप्टेंबरला पवित्र क्रूसाचा गौरव, १५ ला दुःखी मरियामातेचे स्मरण. त्या साली आपल्या भागात हे सण कोणी आणि कसे पाळले असतील याचा विचार मी अनेकदा केला आहे.

त्यानंतरचे आठवडे पुस्तकात नाहीत. ज्यांनी वर्षभर रझाकारांचा जाच सोसला होता त्यांचा संताप, आणि ज्यांनी काहीच सोसले नव्हते पण ज्यांना लूट हवी होती त्यांचा लोभ, हे दोन्ही एकत्र येऊन खेड्यापाड्यांतील मुसलमानांवर कोसळले. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीसाठी पाठवले. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांनी संस्थानच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरून लोकांचे म्हणणे ऐकले. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान पाच हजार माणसे मेली, असे त्यांनी नोंदवले. हा अहवाल त्या वेळी सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्याच्या आकड्यांवर तेव्हाही वाद होते, आजही आहेत. सर्वसामान्य वाचकाला तो वाचायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे पासष्ट वर्षांनी.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. पुष्कळ ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवले. विशेषतः एकाच धंद्यातल्या माणसांत हे घडले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, आणि त्यात काहींचे प्राणही गेले. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्याच्या कामीही अनेक हिंदूंनी मदत केली. म्हणजे शेजारच्या मागावर बसणाऱ्याला त्याच्या शेजाऱ्याची किंमत माहीत होती. बाहेरून येऊन उपदेश करणारा कोणी लागला नाही.

याला यादवी म्हणावे का? पोलीस कारवाई म्हणा, मुक्तिसंग्राम म्हणा, दोन्ही नावांना आधार आहे. त्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या आणि मेलेल्या माणसांचा मान कोणी कमी करू नये. पण ज्या गावात कालपर्यंत एकाच आडावर पाणी भरले जात होते, त्या गावात शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार फोडले असेल, तर त्या गावापुरती ती यादवीच होती.

आता त्या तिसऱ्या प्रवेशाकडे येतो. ॲरिस्टॉटलने काव्याविषयीच्या ग्रंथात म्हटले आहे की इतिहास घडून गेलेले सांगतो आणि काव्य घडू शकेल असे सांगते, म्हणून काव्य अधिक तत्त्वचिंतनाचे असते. सेमिनरीत हे वाक्य आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. त्याचा खरा अर्थ असा की कल्पित गोष्ट लिहिणाऱ्याला स्वातंत्र्य आहे, पण हवे ते लिहिण्याचे नाही. त्या माणसांना त्या परिस्थितीत जे करता आले असते तेच त्याने लिहायचे आहे. मग विचारा, १९४८ साली आपल्या जिल्ह्यातील खेड्यात ख्रिस्ती मास्तर राहत कुठे होता? बहुतेक गावकुसाबाहेर. त्याला पाटलाच्या ओसरीवर बसायला मिळत नव्हते. चावडीवर त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. त्याने हात वर करताच कुऱ्हाडी गळून पडल्या, हे घडू शकणारे नाही. घडू शकणारे काय होते? तो रात्री अंधारात कोणाला तरी आपल्या झोपडीत लपवू शकत होता. तो घाबरून दार लावून बसू शकत होता. आणि मला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लूट वाटली जात असताना तोही हंडा-कळशी उचलायला जाऊ शकत होता. तिन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या तर मास्तर माणूस होईल. आज तो भिंतीवरच्या चित्रासारखा दिसतो.

आपण ख्रिस्ती लोक अशा कथा लिहितो तेव्हा आपला माणूस नेहमी भांडणाच्या बाहेर आणि थोडा वर उभा असतो. ही खोड जुनी आहे. प्रभू येशू मात्र भांडणाच्या बाहेर उभा राहिला नाही. तो दोन चोरांच्या मधोमध टांगला गेला.

ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी म्हटले की सर्वांना 'बेन-हर' आठवते. १९५९ चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. पुस्तक १८८० चे. ते लिहिणारा ल्यू वॉलेस हा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूचा सेनापती होता. त्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. १८६२ च्या शायलोच्या लढाईत त्याची तुकडी उशिरा पोहोचली, आणि तो ठपका त्याने जन्मभर वागवला. युद्ध संपल्यावर, १८६५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या खुनाच्या कटातील आरोपींचा न्याय करणाऱ्या लष्करी आयोगात तो होता. अँडरसनव्हिलच्या बंदी छावणीत सुमारे तेरा हजार कैदी भुकेने आणि रोगाने मेले होते. त्या छावणीच्या अधिकाऱ्यावर खटला चालवणाऱ्या आयोगाचा तर तो अध्यक्षच होता. तिथे फाशीची शिक्षा झाली. म्हणजे यादवीनंतर हिशेब चुकता करण्याचे काम या माणसाने प्रत्यक्ष केले होते. पंधरा वर्षांनी त्याने कादंबरी लिहिली ती सूड घ्यायला निघालेल्या यहुदी तरुणाची.

सिनेमात रथांच्या शर्यतीत मेसाला हा दुष्ट रोमन आपल्या चाकाला पाती लावतो आणि स्वतःच्याच कपटाने पडतो. आपला नायक स्वच्छ राहतो. पुस्तकात तसे नाही. पुस्तकात बेन-हर स्वतः जाणूनबुजून आपल्या रथाच्या आसाचे लोखंडी टोक मेसालाच्या चाकाला लावतो आणि ते मोडतो. मेसाला जन्माचा पांगळा होतो. नायकाच्या हाताला रक्त आहे. पुढे तो येशूला राजा करण्यासाठी गालीलात सैन्य उभे करतो, आणि क्रूसाखाली उभा राहिल्यावरच त्याला कळते की हे राज्य तलवारीचे नाही. लढायांमधून गेलेल्या सेनापतीने नायकाला निष्पाप ठेवले नाही. सिनेमावाल्यांनी ते सोपे केले. आपल्या युवकांनी सिनेमाकडून नव्हे, पुस्तकाकडून शिकावे.

दुसरे पुस्तक जपानचे आहे आणि ते लिहिणारा आपल्याच पंथाचा, कॅथलिक. शुसाकू एंडो यांची 'सायलेन्स', म्हणजे मौन, ही कादंबरी १९६६ साली निघाली. १६३७-३८ मध्ये शिमाबारा भागात करांनी आणि छळाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले. त्यांत ख्रिस्ती लोक पुष्कळ होते. बंड चिरडले गेले, हजारोंची कत्तल झाली, आणि उरलेल्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म लपवून जगावे लागले. कादंबरी त्या बंडानंतरच्या काळात घडते. रॉड्रिग्ज नावाचा तरुण येशूसंघी धर्मगुरू चोरून तिथे जातो. त्याला वाट दाखवणारा किचिजिरो हा भित्रा, दारुडा माणूस. त्याने पूर्वी ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय देऊन आपला जीव वाचवला आहे. तो फादरांनाही पकडून देतो. मग रडत परत येतो आणि पापनिवेदन ऐका म्हणतो. पुन्हा घसरतो, पुन्हा येतो. वाचताना आपल्याला त्याचा वीट येतो आणि फादरांनाही येतो. पण धर्मगुरूला त्याला नाही म्हणण्याचा अधिकार नाही.

आपल्या नाटुकल्यात किचिजिरो नाही. प्रत्येक गावात तो असतो. आधी रझाकारांना कोणाच्या पेवात धान्य आहे ते सांगणारा, आणि फौज आल्यावर जमावाला मुसलमानाचे घर दाखवणारा, असा एकच माणूस असू शकतो. दावीदापुढे सर्वांत आधी लोटांगण घालणारा शिमी त्याच जातकुळीचा. त्याचे काय करायचे, हा लढाईनंतरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि नाटकात तो नसेल तर क्षमा कोणाला करायची आहे?

स्त्रियांचाही विचार व्हायला हवा. मराठीतील पहिली कादंबरी 'यमुनापर्यटन' एका ख्रिस्ती लेखकाने, बाबा पदमनजी यांनी लिहिली, याचा आपल्याला अभिमान असतो. ती १८५७ साली निघाली, म्हणजे उठावाच्याच वर्षी. पण तिच्यात तोफा नाहीत. तिच्यात विधवा आहेत. बाबांनी ज्या दुःखाकडे पाहिले ते घरातले होते. नाटुकल्यात चौदा पात्रे आहेत, स्त्रिया तीन, आणि तिघींना मिळून सहा वाक्ये. दावीदाच्या कथेतही एक वाक्य असे आहे की ते आपण वाचतो आणि पुढे जातो. राजवाडा राखायला मागे ठेवलेल्या दहा स्त्रियांना अबशालोमाने भ्रष्ट केले. परत आल्यावर दावीदाने त्यांना पोसले, पण मरेपर्यंत कोंडून ठेवले, जिवंतपणी विधवा करून. बंड करणारा मेला, जिंकणारा सिंहासनावर बसला, आणि शिक्षा त्यांना झाली. शास्त्ते ग्रंथाचा शेवटचा अध्यायही असाच आहे. बन्यामीन वंशाशी झालेल्या यादवीनंतर समेट केला जातो तो शिलोच्या मुली पळवून नेऊन. बायबल हे सांगताना लाजत नाही. आपण का लाजावे? १९४८ मध्ये परत आणलेल्या स्त्रियांना घरच्यांनी घरात घेतले की नाही, हा एक प्रश्न रंगमंचावर आला तरी नाटकाचे चीज होईल.

आता क्षमेविषयी. आपल्या संहितेत क्षमा मास्तर जाहीर करतो. पण मास्तराचे घर जळले नव्हते. ज्याचे घर जळले तो पहिल्या प्रवेशातला शेतकरी तिसऱ्या प्रवेशात गर्दीत उभा आहे आणि त्याला एकही वाक्य नाही. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करणे ही स्वस्त गोष्ट आहे. त्याच प्रवेशात दारात उभे असलेले ते मुसलमान कुटुंब, ज्याने रझाकारांना मदत केली असे कुठेही लिहिलेले नाही, त्याला कशाची क्षमा मिळाली? ज्याने अपराधच केला नाही त्याला माफ करणे हा दुसरा अपराध होतो. येथे लेखकांनी थोडे थांबून विचार करावा.

पापनिवेदनाच्या संस्कारात आपण काय शिकतो? मनापासून पश्चात्ताप, पापाचा स्पष्ट उच्चार, क्षमा, आणि मग प्रायश्चित्त. प्रायश्चित्तात भरपाई येते. लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय झाडावरून उतरतो आणि येशूला जेवायला घरी नेतो. तेवढ्यावर थांबला असता तर यरीहोच्या लोकांना काय मिळाले असते? तो उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो. त्यानंतर प्रभू त्याच्या घराला तारण आले असे सांगतो. मुद्दा पैशाचा आहे, जमिनीचा आहे. सीबाने लाटलेल्या जमिनीचा प्रश्न दावीदाने वाटून टाकून सोडवला, म्हणजे सोडवला नाहीच.

आपल्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींनी मला मागे सांगितले की पोलीस ॲक्शनच्या साली त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. कडब्याच्या गंजीमागे कोणी तरी लपले होते, आणि आई त्यांच्या हाती भाकरी-ठेचा देऊन तिकडे पाठवायची. किती दिवस, ते आठवत नाही. ती माणसे एका रात्री निघून गेली. जाताना त्यांनी एक तांब्याचा हंडा ठेवायला दिला. तो परत न्यायला कोणी आले नाही. मावशींच्या आईने तो पुष्कळ वर्षे वापरला नाही, उपडा घालून ठेवला होता. मग एका दुष्काळात विकला. एवढे सांगून मावशी गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "फादर, हे पापात धरायचं का?" मी काय उत्तर दिले ते येथे सांगण्याचे कारण नाही. पण नाटुकल्याला तिसरा प्रवेश हवा असेल तर मला हा हंडा क्रूस हातात घेतलेल्या मास्तरापेक्षा अधिक ख्रिस्ती वाटतो.

कोणी म्हणेल, फादर, जुनी मढी कशाला उकरता? आता सगळे सुखाने नांदत आहेत. ही काळजी मला समजते. आपली मुले ज्या शाळेत जातात तिथे त्यांच्या बाकावर सर्व धर्मांची मुले बसतात. ऊसतोडीच्या टोळीत, बाजारात, दवाखान्यात आपला सर्वांशी संबंध येतो. नाटकामुळे कोणाची मने दुखावली जाऊ नयेत हे खरेच. पण पहिला प्रवेश दाखवायचा आणि तिसरा गाळायचा, किंवा तिसरा दाखवायचा आणि पहिला गाळायचा, यानेच मने दुखावतात. कोणत्याही एका बाजूचे मेलेले तेवढे मोजले की दुसऱ्या बाजूला आपले मेलेले मोजत बसावे लागते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल परमेश्वराकडे जाहीर क्षमा मागितली. तेव्हाही जवळच्या लोकांतून विचारणा झाली होती की हे कशासाठी. त्यांनी मागितली. त्यात इतरांचे अपराध त्यांनी मोजले नाहीत.

हॅना आरेंट या विदुषी जन्माने यहुदी होत्या आणि हिटलरच्या राजवटीतून निसटल्या होत्या. १९५८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे म्हटले आहे की माणसांच्या सार्वजनिक व्यवहारात क्षमेचे स्थान प्रथम ओळखले ते नाझरेथच्या येशूने. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. केलेले कृत्य मागे घेता येत नाही, म्हणून क्षमा नसेल तर माणूस एकाच कृत्याला जन्मभर बांधलेला राहतो, करणारा आणि सोसणारा दोघेही. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते की गाठ सोडण्यासाठी ती कुठे बसली आहे ते आधी दिसावे लागते.

दावीदाने गाठ पाहिली नाही. शिमीला त्याने शपथेवर जीवदान दिले, लोकांसमोर. मग मृत्युशय्येवर शलमोनाला बोलावून सांगितले की मी शपथेने बांधलो होतो, तू नाहीस, या म्हाताऱ्याचे पिकले केस रक्तात भिजवून अधोलोकी पाठव. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात हे आहे. तीच वेळ यवाबावरही आली, त्याला वेदीजवळ मारले. जाहीर क्षमेनंतर इतक्या वर्षांनी.

येत्या गुरुवारी सायंकाळी जपमाळेनंतर बायबल अभ्यासगटात २ शमुवेल १९ व २० आणि १ राजे २ असे तीन अध्याय वाचायचे आहेत. नाटुकले लिहिणाऱ्यांनी वही घेऊन यावे. घरी वाचताना प्रत्येकाने एकच पात्र निवडावे, मफीबोशेथ, सीबा, शिमी किंवा कोंडलेल्या दहांपैकी एक, आणि राजा परत आला त्या दिवशी त्याला किंवा तिला दावीदाकडून नेमके काय हवे होते ते चार ओळींत लिहावे. ज्या वडीलधाऱ्यांनी १९४८ पाहिले किंवा आई-वडिलांकडून ऐकले, त्यांनी त्या दिवशी जरूर यावे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्या घरी युवक स्वतः येतील. सांगताना नावे सांगायची नसतील तर सांगू नका. हंड्याबद्दल सांगितले तरी पुरे आहे.

आपला धर्मगुरू